साइनबोर्डच्या दुकानासाठी मोठा प्रिंटर घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅनर, बोर्ड, रेडियमची कामे करणाऱ्या दुकानदारांकडून आणि या धंद्यात नव्याने उतरू पाहणाऱ्या मुलांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न तालुक्याच्या गावांतून आणि मध्यम शहरांतून येतात, म्हणून उत्तरेही तिथलाच धंदा समोर ठेवून दिली आहेत. दर गावागणिक बदलतात. जिथे हिशेब मांडला आहे तिथे ‘समजा’ म्हटले आहे, त्या जागी तुमचे आकडे घाला.

१. लार्ज फॉरमॅट प्रिंटर म्हणजे आपले फ्लेक्स मशीनच ना?

फ्लेक्स मशीन हा त्यातला एक प्रकार. साधारण दोन फुटांहून रुंद रोलवर किंवा शीटवर छापणारा इंकजेट प्रिंटर म्हणजे लार्ज फॉरमॅट. आपल्याकडे १० फुटी (३.२ मीटर) सॉल्व्हंट मशीनच जास्त दिसते, म्हणून सगळ्यांना ‘फ्लेक्स मशीन’ म्हणायची सवय लागली. पण गाडीवरचे ग्राफिक, काचेवरचे वन वे व्हिजन (बाहेरून चित्र आणि आतून आरपार दिसणारी छिद्रांची फिल्म), दवाखान्यातले सनबोर्ड (हलकी, फोमसारखी पीव्हीसी शीट), ज्वेलर्सकडचा बॅकलिट (मागून दिवे लावलेला) फोटो ही कामे बहुतेक वेळा दुसऱ्या मशीनवर होतात.

२. सॉल्व्हंट, इको-सॉल्व्हंट, लेटेक्स, यूव्ही यांतले चांगले कोणते?

तुमच्याकडे येणारे काम सांगितल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. चारही मशीन आपापल्या कामाला चांगली आहेत आणि दुसऱ्याच्या कामाला तोट्याची.

सॉल्व्हंटची शाई उग्र असते. ती पीव्हीसीत मुरते, म्हणून ऊन-पावसात लॅमिनेशनशिवायही टिकते आणि स्क्वेअर फुटाला सगळ्यात स्वस्त पडते. होर्डिंग, मंडपाचे बॅनर, कमानी यांना तिला तोड नाही. तिचा ठिपका मात्र मोठा असतो. वीस फुटांवरून सुंदर दिसणारा फोटो दोन फुटांवर दाणेदार दिसतो. दुकानाच्या आतल्या बोर्डासाठी तो चालत नाही.

इको-सॉल्व्हंटचा ठिपका बारीक, वास कमी (अजिबात नाही असे मात्र नाही, प्र. १० पाहा). व्हिनाइल (चिकटवायची प्लास्टिकची फिल्म), कॅनव्हास, वन वे व्हिजन, स्टँडी यांचे जवळून पाहायचे काम त्यावर उठून दिसते. वेग कमी आणि शाई महाग. शाई मुरायला आणि वाळायला मशीनचे हीटर चालू ठेवावे लागतात.

लेटेक्समध्ये शाई पाण्यावर आधारलेली असते आणि उष्णतेने पक्की होते. एचपीने २००८ मध्ये ही पद्धत बाजारात आणली. प्रिंट कोरडी बाहेर येते, लगेच लॅमिनेट करता येते, वासाचा त्रास जवळपास नाही. शाळा आणि हॉस्पिटलच्या आतल्या कामांसाठी मला हीच सगळ्यात योग्य वाटते. पण वीज जास्त लागते, आणि स्वस्त, पातळ व्हिनाइल त्या उष्णतेत सुरकुतते.

यूव्हीची शाई प्रकाशाने तिथल्या तिथे घट्ट होते. त्यामुळे अ‍ॅक्रिलिक, एसीपी (अ‍ॅल्युमिनियम कंपोझिट पॅनेल), सनबोर्ड, लाकूड यांवर थेट छापता येते, आणि पांढरी शाई असेल तर पारदर्शक किंवा काळ्या शीटवरही. ८ बाय ४ फुटांची अख्खी शीट सपाट ठेवून छापणारे फ्लॅटबेड मशीन ही मोठी गुंतवणूक आहे. काचेवर आणि गुळगुळीत धातूवर शाई धरावी म्हणून बहुधा आधी प्रायमर मारावा लागतो. कडक प्रकारची यूव्ही शाई वळणाऱ्या मीडियावर (ज्यावर छापायचे त्या फ्लेक्स, व्हिनाइलसारख्या मालावर) तडकते, त्यासाठी लवचीक शाई वेगळी घ्यावी लागते.

३. माझे दुकान छोटे आहे. मशीन घेऊ की बाहेरून जॉब वर्क करून घेऊ?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात घाईने निकाल लावला जाणारा प्रश्न हाच. माझे मत स्पष्ट आहे: आधी सहा महिने बाहेरून काम करून घ्या आणि रोजचे स्क्वेअर फूट वहीत लिहा. फ्लेक्स किती, व्हिनाइल किती, बॅकलिट किती, असे वेगवेगळे लिहा. मशीनचा निर्णय त्या वहीवरून घ्या, विक्रेत्याच्या डेमोवरून घेऊ नका.

एक हिशेब करून पाहू. समजा मशीनसाठी ६ लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले. हप्ता महिना साधारण १३,००० रुपये येईल. समजा ऑपरेटर १८,०००, वीज आणि एसी ७,०००, हेड (शाईचे ठिपके पाडणारा भाग) आणि सुट्या भागांसाठी बाजूला ६,०००. एकूण ४४,००० रुपये. एक फूटही छापला नाही तरी हा खर्च आहेच.

आता समजा मीडिया, शाई आणि वेस्टेज वजा जाता फ्लेक्सवर स्क्वेअर फुटामागे ४ रुपये उरतात. ४४,००० भरून काढायला महिन्याला ११,००० स्क्वेअर फूट छापावे लागतील. सव्वीस दिवस धरले तर रोज सव्वाचारशे, म्हणजे १० बाय २० ची दोन होर्डिंग, दररोज, पावसाळ्यातसुद्धा. लॅमिनेट केलेल्या व्हिनाइलवर समजा २० रुपये उरत असतील, तर तोच खर्च २,२०० स्क्वेअर फुटांत, म्हणजे रोज पंच्याऐंशीत निघतो.

म्हणून ज्या गावात आधीच चार फ्लेक्स मशीन चालू आहेत तिथे पाचवे लावू नका. त्यांच्याकडून ट्रेडच्या दराने फ्लेक्स छापून घ्या आणि आपला पैसा लॅमिनेटर, रेडियम कटर आणि फिटिंगच्या माणसांत घाला. गिऱ्हाईक तुमच्याकडे येते ते बोर्ड नीट लागावा म्हणून, मशीन कोणाचे आहे हे ते विचारत नाही.

याला अपवाद दोन. सगळ्यात जवळचे मशीन पन्नास-साठ किलोमीटरवर असेल आणि रोज एसटीच्या पार्सलवर किंवा टेम्पोवर अवलंबून राहावे लागत असेल, तर मशीन घेणे बरोबर आहे. आणि तुमचे जॉब वर्कचे महिन्याचे बिल वरच्या हिशेबातल्या खर्चाच्या दुपटीवर सतत जात असेल, तर हिशेब पुन्हा मांडून मशीनचा विचार जरूर करा.

४. दहा फुटी घ्यावे की सहा फुटी?

होर्डिंगचे काम नियमित असेल तरच दहा फुटी. सहा फुटी मशीनवर १० बाय २० चा फ्लेक्स पट्ट्यांत छापून जोडावा लागतो. फ्रंटलिटला (समोरून उजेड पडणाऱ्या फ्लेक्सला) जोड खपून जातो, पण बॅकलिटला मागून दिवे लागले की जोडाची काळी रेघ रस्त्यावरून दिसते. भिंतीवरच्या व्हिनाइलला मात्र पट्ट्या चालतात, अर्धा-पाऊण इंच एकावर एक चढवून चिकटवता येतात.

रुंदीइतकेच महत्त्व रोलच्या मापांना आहे. फ्लेक्स ३, ४, ५, ६, ८, १० फुटी रोलमध्ये मिळतो. ५ बाय ७ चा बॅनर ६ फुटी रोलवर घेतलात तर बिल ३५ स्क्वेअर फुटांचे होते आणि जातात ४२. सहावा हिस्सा कचऱ्यात. दुकानात चार मापांचे रोल ठेवायला जागा आणि भांडवल लागते, हे मशीन घेताना कोणी सांगत नाही.

५. चिनी मशीन घेतले तर फसू का? जपानी मशीन तिप्पट महाग का असते?

मशीन चिनी असले तरी आतले हेड बहुतेक वेळा जपानी असते: कोनिका मिनोल्टाचे किंवा एप्सनचे. म्हणजे ठिपका पाडणारा भाग दोन्हीकडे चांगलाच. फरक पडतो तो बोर्ड, मोटर, रेल, शाईची पाइपलाइन आणि मीडिया ओढणाऱ्या रोलरमध्ये. रोलंड, मिमाकी, एप्सनच्या मशीनवर पहिल्या मीटरचा आणि चाळिसाव्या मीटरचा रंग सारखा राहतो. स्वस्त मशीनवर तो सारखा ठेवणे ऑपरेटरच्या हातात असते. भारतीय पर्यायही आहेत. नोएडाची कलरजेट हे त्यातले जुने नाव.

मी तरी मशीनच्या देशापेक्षा सर्व्हिस इंजिनिअर कुठून येतो हे आधी विचारीन. सोलापूरच्या दुकानाला मुंबईहून इंजिनिअर यायला तीन दिवस लागत असतील आणि गणपती आठ दिवसांवर असतील, तर उत्तम मशीनही बंदच. तुमच्या जिल्ह्यात तेच मशीन वापरणारे दोघे शोधा आणि त्यांना भेटा. विक्रेत्याने दिलेल्या नावांखेरीज स्वतः शोधलेले एक नाव त्यात असू द्या.

६. जुने मशीन स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

चालू अवस्थेत, तुमच्यासमोर छापून दाखवले तरच. जाताना तुमचा रोल आणि तुमची फाइल न्या. आधी नोझल चेक (हेडच्या प्रत्येक छिद्रातून शाई येते का ते दाखवणारी रेघांची चाचणी) काढायला सांगा आणि रेघा मोजा: कोणत्या रंगाच्या किती तुटल्या आहेत ते लिहून ठेवा. अर्धा तास सलग छापून पुन्हा नोझल चेक काढा. पहिल्या वेळी पूर्ण असलेल्या रेघा दुसऱ्या वेळी गळाल्या, तर दोष शाईच्या पुरवठ्यात, डॅम्परमध्ये (हेडच्या आधीच्या शाईच्या छोट्या फिल्टरमध्ये) किंवा हेडमध्ये आहे. मग चारही रंगांचे गडद, सपाट पट्टे छापून पाहा; आडव्या रेघा तिथे लपत नाहीत.

हेड बदलावे लागेल असे धरून किंमत करा. आणि मशीन का विकताहेत हे विचारा. दुकान बंद होतेय म्हणून विकणाऱ्याचे मशीन, सहा महिने झाकून ठेवलेल्या ‘कमी वापरलेल्या’ मशीनपेक्षा केव्हाही बरे. त्याचे कारण पुढच्या उत्तरात.

७. हेड किती दिवस टिकते?

ते दिवसांवर मोजू नका. वापरापेक्षा हेड मरते ते उभे राहून. नोझलमध्ये शाई वाळते, मग साफसफाईसाठी जास्त शाई ओढली जाते, मग कोणीतरी वैतागून सिरिंजने जोर लावतो, आणि तिथे संपते. कामाचा तुटवडा असला तरी रोज सकाळी नोझल चेक आणि एक छोटी रंगपट्टी छापायचीच. दिवाळीच्या सुट्टीत दुकान बंद ठेवणार असाल तर कॅपिंग स्टेशन (हेड टेकवून झाकायची जागा) साफ करून, फ्लशने (साफसफाईच्या द्रवाने) ओले करून हेड नीट टेकवून जा, किंवा कोणाला तरी एक दिवसाआड यायला सांगा.

हेड घासले जाणे हे दुसरे कारण. रोलची कड वर उचललेली असते, कॅरेज (हेड इकडून तिकडे नेणारा भाग) वेगाने येते आणि हेड त्यावर आपटते. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत स्थिर वीज साठून मीडिया वर उचलला जातो आणि शाईचा धूरकटपणाही येतो. खोलीत आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत असेल तर हा त्रास कमी होतो.

बहुतेक विक्रेते हेडची वॉरंटी देत नाहीत किंवा फार थोडी देतात. तोंडी आश्वासन घेऊ नका, कोटेशनवर लिहून घ्या.

८. जागा आणि विजेची काय तयारी लागते?

दहा फुटी मशीनला नुसती मशीनएवढी जागा पुरत नाही. समोर फ्लेक्स पसरून कडा दुमडायला, पेस्टिंग करायला आणि रिंगा मारायला तेवढीच जागा आणखी लागते. रस्त्याची धूळ आत येणार नाही अशी बंद खोली हवी.

वीज हा जास्त गंभीर भाग. अर्थिंग स्वतंत्र करून घ्या आणि न्यूट्रल-अर्थमधला दाब इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या; तो दोन-तीन व्होल्टच्या वर गेला तर मशीन लावू नका. बोर्ड जळण्याची कितीतरी प्रकरणे इथूनच सुरू होतात. स्टॅबिलायझर हवाच, आणि छापता छापता वीज गेली तर हेड उघडे राहू नये म्हणून ऑनलाइन यूपीएसही. हीटर मात्र यूपीएसवर घेऊ नका, त्याला थेट लाइन द्या.

९. कंपनीचीच शाई वापरावी का? बाहेरची निम्म्या किमतीत मिळते.

वॉरंटी असेपर्यंत कंपनीचीच. नंतर बाहेरची वापरायची असेल तर एकच ठरवा आणि तिच्यावर टिकून राहा. दर महिन्याला स्वस्त मिळेल ती ओतणे हेडचा घात करते. दोन शाया एकमेकींत मिसळून पाइपमध्ये गाठी धरू शकतात. बदलायचीच असेल तर आधी पूर्ण पाइपलाइन फ्लश करा. बदलल्यावर जुने कलर प्रोफाइल (त्या शाईला आणि मीडियाला रंग जुळवणारी फाइल) चालत नाही, नवे करावे लागते.

१०. वासाचा त्रास होतो का? घराखालीच दुकान आहे.

सॉल्व्हंट मशीन घराखाली लावू नका. त्या शायांत सायक्लोहेक्झानोनसारखी द्रव्ये असतात. डोळे चुरचुरतात, डोके दुखते, आणि दिवसभर तिथे उभ्या असलेल्या ऑपरेटरला ते सगळ्यात जास्त भोगावे लागते. नुसता फॅन ती वाफ खोलीतच फिरवतो. हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट आणि समोरच्या बाजूने ताजी हवा आत येण्याची वाट, दोन्ही हवे. शाई आणि फ्लश हाताळताना नायट्राइलचे हातमोजे द्या. या वाफा पेट घेतात, त्यामुळे खोलीत देवापुढचा दिवा, उदबत्ती आणि सिगारेट नको. इको-सॉल्व्हंटलाही एक्झॉस्ट लागतोच. ऑपरेटर हा दुकानाचा कणा असतो, त्याच्या फुप्फुसांवर पैसे वाचवू नयेत.

११. भगवा रंग प्रत्येक मशीनवर वेगळा का येतो? गिऱ्हाईक भांडते.

कारण स्क्रीनवरचा झळझळीत भगवा चार शायांतून पूर्ण उतरतच नाही. किरमिजी (मॅजेंटा) आणि पिवळा मिळून तो तयार होतो. किरमिजी थोडा वाढला की लालसर होतो, घटला की हळद. काही इको-सॉल्व्हंट मशीनमध्ये वेगळी नारिंगी शाई देतात ती यासाठीच.

चार रंगांच्या मशीनवर एक उपाय हमखास चालतो. पिवळा १०० ठेवा आणि किरमिजी ५० पासून ८० पर्यंत पाच-पाचने वाढवत सात चौकोन छापा, तुमच्याच मशीनवर आणि रोजच्याच फ्लेक्सवर. प्रत्येकाखाली आकडा घाला आणि ती पट्टी काउंटरमागे लावा. मंडळाचा कार्यकर्ता आला की स्क्रीन दाखवू नका. पट्टीवर बोट ठेवायला सांगा आणि तो आकडा ऑर्डरवर लिहा. निळा, हिरवा यांच्याही अशाच पट्ट्या करता येतात. फ्लेक्सचा ब्रँड किंवा शाई बदलली की पट्टी नवी छापा.

१२. मराठी अक्षरे छापताना तुटतात. मशीनचा दोष आहे का?

मशीनचा संबंध नाही, फाइलचा आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये केलेली फाइल कोरल या डिझाइन सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत उघडली की जोडाक्षरे सुटतात. म्हणून अक्षरे कर्व्हमध्ये (फॉन्टवर अवलंबून नसलेल्या आकारांत) बदलूनच फाइल पाठवा, आणि बदलल्यानंतर पुन्हा वाचा. ‘हार्दिक’मधला रफार पुढच्या अक्षरावर सरकलेला, ‘शुभेच्छा’तला च्छ फुटलेला, ‘कै.’ ची मात्रा गळालेली, हे त्या शेवटच्या वाचनातच सापडते. श्रद्धांजलीच्या फलकावर नाव चुकलेले घरच्यांना किती लागते, ते एकदा पाहिलेला माणूस हे वाचन कधी टाळत नाही. शक्यतो डिझाइन न केलेल्या माणसाने वाचावे.

१३. लॅमिनेशन लगेच केले तर काय बिघडते?

इको-सॉल्व्हंट प्रिंट किमान चोवीस तास सुटी करून ठेवावी. गुंडाळून ठेवली तर वाफ आतच अडकते. घाईने लॅमिनेट केले तर गोंद मऊ पडतो, कडा वळतात, गाडीवर लावलेले व्हिनाइल महिन्याभरात सुटू लागते. गिऱ्हाइकाला तारीख देताना हा दिवस आधीच धरा. लेटेक्स आणि यूव्हीला ही वाट पाहावी लागत नाही (प्र. २).

१४. फ्लेक्सवर बंदी येणार म्हणतात. मग दहा फुटी मशीनचे काय?

देशभरात १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक किंवा पीव्हीसी बॅनरवर बंदी आहे. रोजच्या वापरातला फ्लेक्स त्याहून जाड असतो, त्यामुळे तो या नियमात येत नाही. पण केरळने २०१९ मध्ये पीव्हीसी फ्लेक्सच बंद केला, हे लक्षात ठेवून गुंतवणूक करा. मशीन घेताना ते कापडी बॅनर मीडियावर कसे छापते याचा नमुना मागा. फ्लेक्स कुजत नाही आणि जाळला तर विषारी धूर होतो. उतरवलेला फ्लेक्स शेतकरी गोठ्यावर, कांद्याच्या ढिगावर वापरतात, तो जाळण्यापेक्षा हा वापर नक्कीच बरा.

१५. निवडणुकीचे काम घेताना छापणाऱ्याची काय जबाबदारी?

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १२७क वाचूनच काम घ्या. निवडणुकीच्या पत्रकावर, भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचे नाव-पत्ता दर्शनी भागावर असावा लागतो. छापून घेणाऱ्याने आपल्या ओळखीचे लेखी घोषणापत्र दोन प्रतींत, त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षांकनासह तुम्हाला द्यायचे असते. ते आणि छापील प्रत तुम्ही अधिकाऱ्यांकडे पाठवायची असते. राज्याच्या राजधानीबाहेर छापले तर त्या जिल्ह्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा मुद्रकालाही आहे, म्हणून ‘साहेबांचा माणूस आहे’ एवढ्यावर छापू नका. आणि पैसे आधी घ्या. निकालानंतर वसुली फार अवघड जाते.

१६. होर्डिंग छापतोच आहोत, तर उभारायचे कामही घ्यावे का?

दुकानाच्या दर्शनी बोर्डाची फ्रेम घ्या. रस्त्यालगतच्या मोठ्या सांगाड्याचे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय आणि पालिकेच्या परवानगीशिवाय घेऊ नका. १३ मे २०२४ ला घाटकोपरला छेडानगरजवळ वादळी वाऱ्यात होर्डिंग कोसळले आणि १७ माणसे गेली. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती, ते होर्डिंग त्याहून कितीतरी मोठे होते. वारा फ्लेक्सवर शिडासारखा भरतो आणि सगळा भार खाली पायावर येतो. साध्या बॅनरलाही परवानगी लागते; महाराष्ट्रात त्यासाठी मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा आहे. ऑर्डर घेतानाच परवानगीचा क्रमांक आणि मुदत मागा आणि बॅनरच्या कोपऱ्यात छापा.

१७. प्रिंटर असूनही कोणते काम प्रिंटरवर करू नये?

एकरंगी अक्षरे. दुकानाच्या काचेवरची वेळ, डॉक्टरांची पाटी, टेम्पोच्या दारावरचे नाव ही कामे रंगीत व्हिनाइल कटरवर कापून करा. त्याचा रंग आतपर्यंत असतो, छापलेल्या रंगाच्या आधी तो उडत नाही, आणि दहा-वीस हजारांपासून मिळणाऱ्या कटरवर होतो. खडबडीत भिंतीवर व्हिनाइल धरत नाही. तिथे रंगाने लिहिणारा पेंटर बोलवा. तुमच्या गावात असे हात अजून असतील तर त्यांचा नंबर जपून ठेवा आणि काम त्यांच्या नावाने द्या. आणि ज्या बोर्डावर रात्री दुकान ओळखायचे आहे तिथे गिऱ्हाइकाला बॅकलिट फ्लेक्सऐवजी एलईडीची उठावदार अक्षरे सुचवा. पहिल्यांदा महाग पडतात, पण दर दोन वर्षांनी फ्लेक्स बदलायचा खर्च त्याला करावा लागत नाही.